किल्ली वॉचमनकडे आहे

शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातली भांडी आपणहून वाजायला लागतात. आधी चमचे थरथरतात, मग वाट्या, आणि बाराच्या ठोक्याला पोळ्यांचा डबा ठेका धरतो. नव्या पाहुण्याला भूकंप झाल्यासारखं वाटतं. तो चपला शोधायला लागला की आम्ही त्याला धीर देतो, “बसा हो, काही नाही. मागच्या क्लबात डीजे कामावर आलाय.” गाण्याचे शब्द आमच्यापर्यंत पोचत नाहीत, चालही पोचत नाही. पोचतो तो फक्त ठोका, आणि तोही कानातून येत नाही, पलंगाच्या पायातून वर चढतो. आमच्या हिचं म्हणणं असं, की तिचं ब्लडप्रेशर आता डॉक्टरच्या हातात राहिलेलं नाही, डीजेच्या हातात आहे.

“अहो, काहीतरी करा ना.”

“काय म्हणतेस?”

“काहीतरी करा म्हणते!”

“ऐकूच येत नाहीये.”

“त्याचंच करा काहीतरी!”

आम्ही सदरला राहतो. इंग्रजांच्या छावणीच्या आधारानं वाढलेला हा बाजार. इंग्रज रेसिडेंट गेला, पण रेसिडेन्सी रोड ठेवून गेला. एकीकडे ऑल सेंट्स कॅथीड्रल, एकीकडे एसएफएस चर्च, मध्ये शाळा आणि कॉन्व्हेंट, पलीकडे मंगळवारी बाजार आणि या सगळ्यांवर उतारा म्हणून लिबर्टी टॉकीज. प्रार्थना, शिक्षण, भाजी आणि सिनेमा यांची अशी चोख सोय नागपुरात दुसरीकडे नसेल. त्यात एक दिवस आमच्या मागच्या कमर्शियल बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर निळे दिवे लागले. आम्हाला वाटलं, दाताचा दवाखाना आला.

तक्रार केली नाही असं नाही. फोन केला की गाडी येते. पण गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीच क्लबाला कसं कोण जाणे, कळतं. गाडी येईपर्यंत आवाज असा काही उतरतो, की आमच्याच फ्रिजची घरघर मोठी वाटायला लागते.

“कुठं हाये काका आवाज?”

“आत्ता होता.”

“आत्ता तर नाही ना?”

“तुम्ही आलात म्हणून बंद झाला.”

“म्हणजे आम्ही आलो की प्रॉब्लेम मिटून राह्यला. मग तक्रार कायची?”

या तर्काला उत्तर नाही. गाडी गेली की दोन मिनिटांत पोळ्यांचा डबा पुन्हा सुरू होतो.

हे असंच चाललं असतं. पण ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसं गेली. त्याआधी २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिल्समध्ये १४ गेली होती, आणि मग महापालिकेला एका दिवसात शेकडो बेकायदा बांधकामं दिसली आणि तिनं ती पाडलीही. आपल्याकडे आग लागल्याशिवाय कोणाला धूर दिसत नाही. हडफड्यानंतर देशभरच्या क्लबांचे कागद पुन्हा एकदा पाहिले जाऊ लागले. आमच्या मागचा क्लबही त्यात आला. त्याच्या परवान्याचा फेरविचार होणार, शेजाऱ्यांचं म्हणणं असेल तर द्यावं, असा निरोप आला.

आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी सभा बोलावली. सेक्रेटरी लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेत. नोकरी दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप घेण्यात गेल्यामुळे त्यांना आक्षेपाशिवाय जेवण पचत नाही. त्यांनी मुद्दे वाचायला घेतले, “एक, आवाज. दोन, पार्किंग. तीन, मारामाऱ्या.”

तळमजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. “चौथं लिहा. गाणी पूर्ण वाजवत नाहीत. मुखडा झाला की तोडतात. अंतरा जातो कुठं?”

“काकू, हा सुरक्षिततेचा मुद्दा नाही.”

“मला रात्रभर चुटपुट लागून राहते. झोप उडते. तब्येत बिघडते. मग सुरक्षितता म्हणजे दुसरं काय असते?”

चौथा मुद्दा नोंदवला गेला.

दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंची तक्रार मारामाऱ्यांबद्दल होती, पण वेगळ्या अंगानं. क्लब दीडला बंद होतो, मग पोट्टे खाली येतात, मग भांडण. भाऊ गॅलरीत पोचेपर्यंत शेवटच चालू असतो. “कोण कोणाला आधी काय बोललं, ते कधी समजतच नाही. सुरुवात पाहायची म्हटलं तर जागं राहावं लागते. या वयात जमते का सांगा!” भांडणं जरा लवकर घ्यावीत अशी त्यांची मागणी होती. सेक्रेटरींनी ती ‘सार्वजनिक शांतता’ या मथळ्याखाली बसवली.

विरोध फक्त एकाच माणसाचा झाला. तिसऱ्या मजल्यावरचा चोवीस वर्षांचा मुलगा म्हणाला, “इतका काही आवाज नसतो, आत तर बोलता पण येते.” सभेत शांतता पसरली. त्याच्या आईनं त्याचा हात धरून मनगट वळवलं. मनगटावर जांभळा शिक्का होता.

“जिमचा आहे,” तो म्हणाला.

“जिममध्ये ‘हॅपी अवर्स’ असतात?”

मी चहा सांगायला खालच्या टपरीवर गेलो होतो. परत येईपर्यंत रहिवाशांचा प्रतिनिधी म्हणून माझी एकमतानं निवड झाली होती.

प्रतिनिधी झाल्यावर अभ्यास आला. कायदा वाचायला घेतला आणि क्लबचालकाबद्दल पहिल्यांदाच माझ्या मनात थोडी माया उत्पन्न झाली. दारूचा परवाना वेगळा, खाण्याचा वेगळा, गाण्याचा वेगळा, पोलिसांचा करमणुकीचा वेगळा, महापालिकेचा वेगळा, आगीचा दाखला वेगळा. केंद्र सरकारच्या २०१९-२० च्या आर्थिक पाहणीतच लिहिलंय, की दिल्लीत उपाहारगृह काढायला पोलिसांना ४५ कागद द्यावे लागत आणि नवी बंदूक घ्यायला १९. म्हणजे दिल्लीत इडली विकण्यापेक्षा गोळी घालणं सव्वीस कागदांनी सोपं होतं.

पिणाऱ्यालाही कागद लागतो, हे तर मला ठाऊकच नव्हतं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जागेवर आहे. इथे तत्त्वतः बंदी आहे आणि व्यवहारात परवाना आहे. विदेशी मद्याच्या एक दिवसाच्या परवान्याला पाच रुपये, वर्षाच्या परवान्याला शंभर आणि आयुष्यभराच्या परवान्याला हजार. आणि या परवान्यांच्या भाषेत माणूस पितो तो आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे शनिवारी रात्री आमच्या मागे जी तीनशे पोरं नाचत असतात, ती सगळी औषधोपचार घेत असतात. डोस जरा मोठा असतो, एवढंच.

वयाचं कलम त्याहून बहारीचं. बिअर आणि वाइनला एकवीस वर्षं, व्हिस्की-रमला पंचवीस. लग्नाला मुलाचं वय एकवीस. लग्नानंतर चार वर्षांनी माणसाला कडक काहीतरी लागतं, हे कायदा करणाऱ्यांनी संसारातूनच शिकलेलं असणार.

मग अंतराचा नियम. शाळा आणि देवस्थान यांच्यापासून बार ७५ मीटर लांब पाहिजे. सदरला ७५ मीटर चालून कुठल्याही शाळेला किंवा देवाला चुकवायचं म्हणजे माणसाला फ्लायओव्हरवरच राहायला जावं लागेल. पण अंतर मोजणं ही एक कला आहे. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नको असा निकाल दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर टेप निघाले. काही ठिकाणी सरकारांनी रातोरात महामार्गांचीच पदवी काढून घेतली. काल जो महामार्ग होता, तो सकाळी उठून पाहतो तर शहरातला साधा रस्ता! केरळात उत्तर परवूरच्या एका बारवाल्यानं तर कमालच केली. त्यानं बार हलवला नाही, रस्ताही हलवला नाही. दोघांच्या मध्ये वळणावळणाची वाट बांधली. गिऱ्हाइकानं भिंतींमधून फिरत फिरत जायचं, म्हणजे पायी अंतर भरतं. जाताना ठीक. येताना त्यातून बाहेर पडणाऱ्यांच्या धैर्याला माझा दंडवत. पुढे जुलै २०१७ मध्ये न्यायालयानंच शहरांच्या हद्दीला तो नियम लागू नाही असं सांगितलं आणि टेप पुन्हा कपाटात गेले.

आमच्या क्लबानंही दार मागच्या बोळातून काढलं होतं. ते फॅशन म्हणून काढलं असेल अशी माझी समजूत होती. ते भूमितीसाठी होतं.

पाहणीचा दिवस उजाडला. हिवाळी अधिवेशन ८ डिसेंबरपासून होतं, त्यामुळे नागपूर नटूनथटून बसलं होतं. दुभाजकांना रंग, खड्ड्यांना डांबर, झाडांच्या बुंध्यांना गेरू. त्या झटक्यात क्लबवाल्यानंही बाहेरच्या भिंतीला रंग मारून घेतला होता आणि त्यावर ताजं लिहिलं होतं, ‘अतिथी देवो भव’. आत शिरलो. एक साहेब दारूचे, एक आगीचे, एक पोलिसांचे, एक महापालिकेचे, आणि शेजाऱ्यांतर्फे मी. क्लबाकडून मॅनेजर होता आणि एक बाउन्सर. बाउन्सर दारात उभा राहिला की दाराची गरजच उरत नाही. पण माणूस गोड होता. मला म्हणाला, “काका, पानी लेते का?” त्याआधी मी त्याला फक्त गॅलरीतून पाहिलं होतं, लोकांना उचलताना.

दिवसा नाइटक्लब पाहू नये. रात्री जे झगमगतं ते दिवसा पुसायचं राहिलेलं असतं. जमीन चपलेला धरून ठेवत होती. महापालिकेच्या साहेबांनी पाऊल उचललं तेव्हा बूट खालीच राहिला.

आगीच्या साहेबांनी विचारलं, “आग विझवायचे सिलिंडर कुठाय?”

“इथंच हाये साहेब.” मॅनेजरनं प्लॅस्टिकच्या वेली बाजूला केल्या, त्यामागची बुद्धाची मूर्ती सरकवली, तिच्यामागचा मेन्यूचा फलक काढला. सिलिंडर दिसला.

“इतका आत का?”

“लूक खराब होते साहेब. गिऱ्हाइकाला लाल रंग दिसला का टेन्शन येते.”

“आणि आग लागली तर?”

“मग सांगतो ना आम्ही, कुठं हाये ते.”

कायद्यात आहे, की मालकानं दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत आगीची सगळी यंत्रणा चालू असल्याचा नमुना ‘ब’चा दाखला द्यायचा. मॅनेजरनं तो तत्काळ दाखवला. प्लॅस्टिकच्या कव्हरात, शिक्के, सह्या, सगळं झकास. दाखला पाहून कोणालाही तिथे जाऊन जळायची भीती वाटली नसती. सिलिंडरवरची तारीख मात्र दाखल्याशी बोलत नव्हती.

मग आलं ते दार. वर हिरव्या अक्षरांत ‘आपत्कालीन मार्ग’ लिहिलेलं. पाटी इतकी सुंदर चमकत होती, की तिथे उभं राहून पोरं सेल्फी काढतात असं बाउन्सरनं अभिमानानं सांगितलं. दारासमोर बिअरचे रिकामे क्रेट, एक पाय गेलेला सोफा, गेल्या एकतीस डिसेंबरचे थर्मोकोलचे आकडे आणि गणपतीच्या मखराचे खांब होते. ते सगळं बाजूला केल्यावर दार लागलं. दाराला कुलूप होतं.

“उघडा.”

“हो साहेब. किल्ली वॉचमनकडे आहे.”

“बोलवा वॉचमनला.”

“गावाला गेला.”

“कुठं?”

“पुलगावला.”

पोलिसांच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे रात्री आग लागली तर तीनशे लोकांनी वॉचमन पुलगावहून येईपर्यंत थांबायचं?”

मॅनेजरनं प्रामाणिकपणे हिशेब केला. “रेल्वेनं येते साहेब. फार वेळ नाही लागत.”

पुलगाव वर्धा जिल्ह्यात. वर्ध्यात दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. आजूबाजूच्या एवढ्या मोठ्या मुलखाचं आरोग्य राखायची जबाबदारी नागपूरवर पडते, ती या भूगोलामुळे. आमच्या क्लबाचा वॉचमन मात्र कोरड्या जिल्ह्यातून येऊन ओल्या जागेचं रक्षण करायचा, आणि जाताना किल्ली घेऊन जायचा. किल्ली तरी निर्व्यसनी राहिली.

मग आवाज मोजायचा कार्यक्रम झाला. आवाजाचे नियम २००० सालचे. रात्री दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. आता सदरची अडचण अशी, की तळमजल्यावर दुकान आणि वर घर. म्हणजे तळमजल्याला ५५ डेसिबल चालतात, पण तेच डेसिबल जिना चढून वर येईपर्यंत दहानं कमी व्हायला पाहिजेत. आमच्या जिन्यात माणूस चढताना दमतो, आवाजही दमत असेल असं सरकारला वाटत असावं.

मीटर लावलं. मॅनेजरनं ‘रोजचंच’ म्हणून गाणं लावलं. सतारीवर काहीतरी संथ होतं. एवढं संथ, की बाउन्सर जांभई द्यायला लागला.

“हे रोजचं आहे?” मी विचारलं.

“हो काका. पब्लिकला शांत गाणी आवडते.”

मीटरवर आकडा अगदी सोज्वळ आला. तेवढ्यात बाहेर एका बसनं हॉर्न दिला आणि आकडा उडाला. मग रस्त्यावरून ऑटो गेला, फ्लायओव्हरवर बुलेटवाला गेला, मंगळवारी बाजारातून कोबीवाल्यानं आरोळी दिली. दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा मात्र आमच्या सेक्रेटरींनी मिळवला. ते खालून वर येत “पाहा, पाहा, मी सांगतच होतो” असं म्हणत होते. साहेबांनी तो आकडा लिहून घेतला आणि मीटर पिशवीत टाकलं.

सुनावणीचा दिवस ठरला. दारूच्या कायद्यात कलम ५४ आहे. अटी मोडल्या तर परवाना स्थगित किंवा रद्द करता येतो. आम्ही नऊ मुद्द्यांचं निवेदन, त्याला सत्तावीस जोडपत्रं आणि काकूंचा अंतऱ्याचा मुद्दा घेऊन गेलो. क्लबाकडून वकील आले. काळा कोट, हातात पातळशी फाइल. पातळ फाइलवाल्या वकिलाला जपून राहावं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सेक्रेटरींनी जोरदार सुरुवात केली, “साहेब, क्लबमालकाचं एकूण चारित्र्य…”

वकील उठले. “साहेब, डान्सबारच्या २०१६ च्या कायद्यात परवानाधारकाचं चारित्र्य चांगलं पाहिजे अशी अट होती. १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं ती काढली. चांगलं चारित्र्य म्हणजे काय, हे मोजायचं कशानं?”

न्यायालयानं तेव्हा टिप द्यायला हरकत नाही, पण नोटा उधळायच्या नाहीत, असंही सांगितलं होतं. त्या निकालाचा फायदा डान्सबारला झाला. आमच्या सोसायटीपर्यंत तो अजून पोचलेला नाही. इथे फ्लॅट भाड्यानं द्यायचा तर भाडेकरूचं चारित्र्य, त्याच्या मित्रांचं चारित्र्य आणि फ्रिजमधल्या अंड्यांची संख्या, या सगळ्यांचा दाखला लागतो.

मग वकिलांनी फाइल उघडली. तिच्यात फोटो होते. मला वाटलं क्लबाचे असतील. ते आमच्या जिन्याचे होते.

पहिल्या फोटोत पहिल्या मजल्याचा कूलर. नागपुरात उन्हाळा संपला की कूलर जिन्यात येतो आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत तिथेच समाधी घेतो. दुसऱ्या फोटोत दोन कूलर, त्यांवर खसच्या ताट्या, त्यांवर सायकल. तिसऱ्यात चपलांचे रॅक, तुळशीची कुंडी, जुना टीव्ही आणि रद्दी. चौथ्या फोटोत लँडिंगवर एक मोठा कूलर होता. तो आमचा. पण तो जिन्यात नाही, लँडिंगवर आहे. जिना आणि लँडिंग यांतला फरक मी साहेबांना समजावून सांगायला उठलो होतो. हिनं शर्ट ओढून बसवलं.

“साहेब,” वकील म्हणाले, “माझ्या अशिलाच्या दारासमोर एक सोफा होता. तक्रारदारांच्या जिन्यात दोन संसार आहेत. गच्चीचं दार तेवढं पाहा.”

पाचव्या फोटोत गच्चीचं दार होतं. त्याला कुलूप होतं.

साहेबांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. “किल्ली कोणाकडे आहे?”

सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, “वॉचमनकडे.”

“वॉचमन कुठं आहे?”

बाउन्सरनं परस्पर उत्तर दिलं, “पुलगावला साहेब. वो एकही है. दोनों जगह वही करता.”

तेव्हा कुठे आम्हाला कळलं, की आमचा वॉचमन रात्री अकरानंतर दिसत का नाही. रात्रभर तो क्लबाच्या दारात आमच्या बिल्डिंगची राखण करत असे.

वकिलांकडे अजून एक फोटो होता. सेक्रेटरींच्या मुलाच्या वरातीचा. रेसिडेन्सी रोडवर मध्यभागी डीजेची गाडी, पुढे घोडी, घोडीच्या पुढे पाठ करून नाचणारे सेक्रेटरी स्वतः. फोटोवर वेळ छापली होती, रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटं.

“तो मंगल प्रसंग होता,” सेक्रेटरी म्हणाले.

“आमच्याकडे रोज कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो साहेब,” वकील म्हणाले. “तोही मंगलच.”

साहेबांनी दोन्ही बाजूंची कागदपत्रं एकत्र केली, वर पेपरवेट ठेवलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. हा माणूस निकाल देणार की राजीनामा, हे काही क्षण कळेना. शेवटी निकाल आला. क्लबाचा परवाना काही दिवस स्थगित, दंड, दार मोकळं करणं, सिलिंडर दिसेल असा ठेवणं आणि आवाजाची हमी. आणि जाता जाता, “तुम्ही लोकांनीसुद्धा जिना पाहून घ्या.”

आम्ही विजय साजरा केला. बाहेर पडून तर्री पोहे खाल्ले, त्यावर चहा घेतला, आणि भाऊंनी पानठेल्यावर खर्रा घोटून घेतला. कॅन्सरच्या चित्राची पुडी हातात धरून ते म्हणाले, “या क्लबवाल्यांना लोकांच्या जिवाची काही पर्वाच नाही ना बाप्पा!”

पहिल्या शनिवारी क्लब बंद. आम्ही दहालाच दिवे घालवले. साडेअकरा झाले. भांडी गप्प. बारा झाले. डबा गप्प. आणि मग हळूहळू, इतकी वर्षं त्या ठोक्याखाली दडलेले आवाज वर यायला लागले. वरच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी रात्री बाराला खलबत्त्यात काहीतरी कुटतं, हे कळलं. डावीकडच्या भिंतीपलीकडे सासू-सुनेचं बोलणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं, आणि त्यात आमचाही उल्लेख होता. नळ ठिबकत होता. एक वाजता हिनं मला उठवलं.

“अहो, घोरताय तुम्ही.”

“मी? मी कधीच घोरत नाही.”

“इतके दिवस ऐकूच येत नव्हतं!”

दुसऱ्या शनिवारपर्यंत अर्धी बिल्डिंग तारवटलेल्या डोळ्यांनी वावरत होती. भाऊंना गॅलरीत पाहायला काही उरलं नव्हतं. ते नऊलाच झोपत आणि पहाटे तीनला उठून जिन्यात फेऱ्या मारत. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा घरीच बसायला लागल्यामुळे त्याच्या आईला त्याच्या भविष्याची काळजी वाटू लागली. काकूंनी तर मला गाठून विचारलं, “कधी उघडणार म्हणे ते?” मी चमकून पाहिलं, तेव्हा म्हणाल्या, “नाही, अंतऱ्याचं त्यांनी काय ठरवलं, तेवढं पाहायचं होतं.”

यथावकाश क्लब उघडला. नाव नवं, पाटी नवी, मालकाच्या जागी मालकाचा मेहुणा. मेन्यूत मॉकटेल वाढली. आपत्कालीन दारासमोरचा सोफा निघाला आणि दार खरोखर उघडायला लागलं. ते मी स्वतः पाहून आलो, कारण आता तिथे आत जाऊन-येऊन सिगारेट ओढणाऱ्यांची रांग असते.

राहिला आमचा जिना. साहेब सांगून गेले होते, तेव्हा काहीतरी करणं भाग होतं. सेक्रेटरींनी ‘आगीपासून सुरक्षा’ या विषयावर पुन्हा सभा घेतली. कूलर ठेवायचे कुठे, यावर ती तीन तास चालली. पहिल्या मजल्याचं म्हणणं, आधी दुसऱ्यानं उचलावेत. दुसऱ्याचं म्हणणं, आग खालून वर जाते, तेव्हा पहिल्याचा नंबर आधी. लँडिंग हा जिना नव्हे, हे मी पुन्हा एकदा स्पष्ट केलं. मॉक ड्रिल घ्यायची सूचना आली. पण एवढे लोक एकदम जिन्यात आले तर चेंगराचेंगरी होईल, म्हणून ती नामंजूर झाली. गच्चीच्या किल्लीची एक प्रत सेक्रेटरींकडे ठेवायचं ठरलं. ती त्यांनी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली. टाइप केलेली, खाली शिक्का आणि सही.

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आग लागल्यास घाबरू नये. प्रथम सेक्रेटरींना कळवावे. जिन्याचा वापर उजव्या बाजूने व रांगेत करावा. कूलर, सायकल किंवा कुंडी यांना धक्का लागल्यास भरपाई वसूल केली जाईल. ज्या सभासदांचा मेंटेनन्स थकीत आहे, त्यांची सुटका सर्वांत शेवटी करण्यात येईल.’

जिन्यातला एकही कूलर हलला नाही. पण त्या रात्री साडेअकरापर्यंत सेक्रेटरींच्या दारात रांग होती, आणि आमच्या बिल्डिंगचा मागच्या तीन वर्षांचा थकीत मेंटेनन्स एका बैठकीत, रोख जमा झाला.